शेडमधला व्हाइस आणि एक कबुली

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा बहुतेकांनी सहली, गॅदरिंग आणि खिचडीच्या डब्यांच्या आठवणी लिहायचं ठरवलं. मला मात्र एक जुनं देणं फेडायचं आहे. म्हणून आधी कबुली देते आणि मग इतिहास सांगते. मी नेमकं काय मोडलं होतं, हे कळायला मला पंचवीसेक वर्षं लागली.

जानेवारी १९९५. आपण नववीत होतो. मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांचा तंत्राचा तास व्हायचा, तेव्हा आम्ही मुली वरच्या मजल्यावर शिवणाच्या तासाला काज-बटण करत असायचो. शेडमधल्या लांब टेबलावर चार व्हाइस होते. पुस्तकात त्याला 'शेगडा' म्हणत, पण तो शब्द परीक्षेपुरताच. एका सकाळी खिडकीजवळच्या व्हाइसचा पुढचा जबडा तडकलेला सापडला. आदल्या दिवशी शेवटी तिथे काम केलेल्या चार मुलांना सरांनी उभं केलं. ते चौघं दोन शनिवार शेड झाडत होते आणि दुरुस्तीसाठी प्रत्येकाने दहा रुपये दिले होते.

मित्रांनो, तो व्हाइस मी मोडला. आदल्या संध्याकाळी जेधे चौकात माझी सायकल घसरली आणि पेडलचा क्रँक वाकला. घरी बोलणी बसतील म्हणून मी परत शाळेत आले. शेड उघडी होती. क्रँक व्हाइसमध्ये धरला, घट्ट बसेना म्हणून कोपऱ्यातला नळाचा पाइप दांड्यावर चढवून पिळला आणि वर हातोडा घातला. टक असा आवाज झाला. मी क्रँक काढला आणि पळाले. दुसऱ्या दिवशी कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेडमध्ये मुलगी गेली असेल, असं कोणाच्या मनातच आलं नाही. ज्या समजुतीने मला त्या शेडबाहेर ठेवलं होतं, तिनेच मला वाचवलं. मीही गप्प बसले.

आता त्या वस्तूचा इतिहास.

आपल्याकडचे जुने कारागीर बहुतेक बसून काम करत. सोनार पाटासमोर बसतो, तांबट आळीतला कारागीर जमिनीवर बसून भांडं ठोकतो, सुतार लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून धरतो. वस्तू धरायची ती सांडशीत, मांडीत नाहीतर पायात. व्हाइसने हे बदललं. वस्तू टेबलावरच्या जबड्यात गेली, दोन्ही हात मोकळे झाले आणि कारागीर उभा राहिला. व्हाइस बसवताना आजही एकच नियम सांगतात: त्याच्या समोर सरळ उभं राहून हात दुमडला की जबड्याचा वरचा काठ कोपराच्या उंचीला यावा. त्याहून खाली असेल तर कंबर धरते, वर असेल तर कानस तिरकी चालते.

पुण्यात ही उभ्याने काम करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुजू लागली. १८५४मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं, तेच पुढे आपलं सीओईपी. १८५८मध्ये रेल्वे खंडाळ्याहून पुण्याला आली. १८६९मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. इंजिन, पूल आणि बंदुका आल्या की त्यांची दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती आली की कानस आणि व्हाइस आलेच.

त्या काळचे व्हाइस दोन जातींचे. पहिला लोहाराचा, लांब पायाचा. तो घडीव लोखंडाचा असतो, त्याचा एक पाय थेट जमिनीला टेकतो आणि हातोड्याचा घाव त्या पायातून जमिनीत जातो. त्याच्यावर खुशाल ठोकावं. दुसरा फिटरचा, म्हणजे आपल्या शेडमधला. तो बिडाचा, साच्यात ओतलेला असतो. त्याचे जबडे एकमेकांना समांतर सरकतात, त्यामुळे काम अचूक धरलं जातं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन या १८९८पासूनच्या कंपनीचे 'रेकॉर्ड' छापाचे निळे व्हाइस आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपमध्ये अजून सापडतात.

बीड दाबाला अतिशय मजबूत, पण ताणाला कच्चं. त्याच्या पोटात कार्बनचे पापुद्रे असतात. दाबलं तर ते बंद होतात, ताणलं किंवा ठोकलं तर तिथूनच चीर निघते. घडीव लोखंड वाकून इशारा देतं, बीड देत नाही.

इथे माझ्या पाइपचा हिशोब मांडते. चार इंची व्हाइसचा दांडा मध्यापासून साधारण २० सेंटिमीटर धरू. हात एक फेरा मारतो तेव्हा सुमारे १२५ सेंटिमीटर फिरतो आणि आट्यांची चाल ५ मिलिमीटर असेल, तर जबडा तेवढाच सरकतो. म्हणजे कागदावर जोर अडीचशे पट होतो. यातला बहुतेक घर्षणात जातो. एक पंचमांश उरला असं मानलं, तरी २० किलोच्या रेट्याला जबड्यात एक टन दाब येतो. घर्षणाने खाल्लेला जोर वायाही जात नाही. त्याच घर्षणामुळे आपण हात सोडला तरी स्क्रू उलटा फिरत नाही आणि काम धरलेलं राहतं. दांड्याची लांबी कारखान्याने विचार करून ठरवलेली असते: माणसाचा जोर संपेल, पण बीड तुटणार नाही. मी ६० सेंटिमीटरचा पाइप लावून तो जोर तिप्पट केला आणि वर, लोहाराच्या व्हाइसवर घालावा तसा, फिटरच्या व्हाइसवर हातोडा घातला.

बीड ओतण्याची विद्या महाराष्ट्राने लवकर आत्मसात केली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९०३मध्ये लोखंडी नांगर काढला आणि १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाच्या नांगराने जमीन नासेल, असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटत असे. पुण्याच्या उद्योगांचा इतिहास सांगताना आपण अशी मोठी नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण मोठा कारखाना चालतो तो त्याच्या आसपासच्या शंभर छोट्या टेबलांवर, आणि त्या टेबलांचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही.

आपलं स्वारगेट म्हणजे अशा टेबलांचंच गाव. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. १९५०मध्ये पुण्याची महानगरपालिका झाली आणि पीएमटीही. आपण बसच्या पासासाठी रांगेत उभे राहायचो, तेव्हा आतून ठोकाठोकीचा आवाज यायचा, आठवतंय? कुठे ब्रेक लायनिंगचे रिव्हेट बसत होते, कुठे बुश घासला जात होता. घोरपडे पेठेतली गॅरेजं, भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतली हत्यारांची दुकानं, हे सगळं सायकलच्या टप्प्यात होतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानंतर कारखान्यांत अप्रेंटिस घेणं सक्तीचं झालं. हातात कानस धरलेली पोरं पुण्यात पिढ्यान् पिढ्या तयार होत राहिली.

या काळात व्हाइसही बदलला. शेफील्डच्या मालाशेजारी जालंधर-लुधियानाचा माल आला. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पण बाजारात इंच गेले नाहीत. आजही दुकानात चार इंची, सहा इंचीच मागतात.

मी स्वतः व्हाइससमोर हक्काने उभी राहिले ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी. लोखंडाच्या दोन पट्ट्या घासून एकमेकींत बसवायच्या होत्या. कित्येक आठवडे घासत होते. पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि ते सगळं मागे पडलं. मग २०२१मध्ये घरून काम करत असताना एका रविवारी जुन्या बाजारात गंजाचा एक गोळा दिसला. किलोच्या भावाने घेतला, साडेनऊ किलो भरला. आता माझ्याकडे अकरा व्हाइस आहेत. आमच्या सोसायटीत याबद्दल दोन मतं आहेत.

तो जिवंत करायची रीत सांगते, कोणाला करावीशी वाटली तर. स्क्रू पूर्ण काढायचा. नाही निघाला तर तेल सोडून दोन दिवस थांबायचं, ठोकायचं नाही. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घ्यायचा. बॅटरी चार्जरची ऋण तार व्हाइसला आणि धन तार लोखंडाच्या भंगार पट्टीला जोडायची. स्टीलची पट्टी वापरायची नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून हे उघड्यावर करायचं. रात्रभरात गंज काळा, मऊ होतो आणि ब्रशने निघतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही. शेवटी आट्यांना ग्रीस, जबड्यांना नव्या पट्ट्या, आणि रंगाचा एक पातळ हात.

रंगाखाली माणसं सापडतात. पट्टी मधोमधच झिजलेली असेल, तर तिथे वर्षानुवर्षं बारीक काम झालं. एकाच टोकाला झिजलेली असेल, तर लांब नळ्या उभ्या धरल्या जात होत्या. दांडा वाकलेला असेल, तर माझ्यासारखं कोणीतरी पाइप घेऊन आलं होतं. २००३मध्ये मी लिहिलेला एकही प्रोग्राम आज कुठे चालत नाही. हे व्हाइस मात्र आट्यांना ग्रीस दिलं की लगेच चालतात.

शाळेच्या सहलीत आपण शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय पाहिलं होतं. मला तेव्हा तिथले अडकित्ते पाहून हसू आलं होतं. दिनकर केळकरांनी साधारण १९२०पासून दिवे, कुलपं, अडकित्ते अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि १९६२मध्ये तो संग्रह सरकारला दिला. लोक ज्याला भंगार म्हणतात, त्यात त्यांना माणसांचा हात दिसला होता. हे मला आता कळतं.

सरांनी तेव्हा आपला व्हाइस फेकला नाही. घोरपडे पेठेत नेऊन पितळेने जोडून आणला. काळ्या जबड्यावर बोटभर लांब पिवळी रेघ होती. शाळेची नवी इमारत झाली तेव्हा शेड पाडली आणि आतला माल भंगारात गेला, असं ऐकलं. मी जुन्या बाजारात ती पिवळी रेघ शोधत फिरले. आपला व्हाइस मिळाला नाही. पण पितळी रेघ असलेले तीन मिळाले, तीन वेगवेगळ्या जागी तडकलेले. प्रत्येकावर कोणीतरी हातोडा घातला होता आणि प्रत्येकाला कोणीतरी फेकून न देता जोडून आणलं होतं.

सर, शिक्षा झाल्यावर तुम्ही त्या चौघांना म्हणाला होतात, "बीड आहे, चुकीला माफ करत नाही, पण जोडता येतं." शेडच्या खिडकीतून ते मी ऐकलं होतं. त्या दिवशी आत यायला हवं होतं. तीस वर्षं उशिरा येते आहे.

त्या चौघांपैकी तिघं मेळाव्याला येणार आहेत, असं कळलं. तुमचे दहा-दहा रुपये व्याजासकट देईन. चौथा मागच्या वर्षी आपल्यातून गेला. त्याच्या घरी मी जाऊन आले, त्याच्या आईला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तो सांगायचा ना, त्या शेडमध्ये आम्ही झाडू मारता मारता कानस धरायला शिकलो म्हणून." मी काहीच बोलू शकले नाही.

तीन पितळी रेघांपैकी एक व्हाइस मी शाळेला देते आहे. मुख्याध्यापिकांनी प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत भक्कम टेबल दिलं आहे. तो आठवीच्या मुलामुलींच्या कोपराच्या उंचीला बसवला आहे. बाजूला दोन कानशी आणि लोखंडाच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. मेट्रोने स्वारगेटला उतरलात, तर शाळा आता पाच मिनिटांवर आहे. मेळाव्याच्या दिवशी ज्या मुलींनी शेड आतून कधी पाहिली नाही, त्यांनी आधी यावं. एक पट्टी धरा, दहा मिनिटं घासा, आणि धार बोटाने बघा.

पाइप मात्र मी आणणार नाही.