पत्रांचे पान : गृहीत वाचक आणि प्रत्यक्ष वाचक

वाचकलक्ष्यी समीक्षेत 'वाचक' ही संज्ञा वारंवार येते. परंतु हा वाचक बहुधा नाव-गाव नसलेला असतो. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात वाङ्मयेतिहासाची मांडणी वाचकांच्या अपेक्षांच्या क्षितिजाला धरून व्हावी, असा आग्रह धरला. वोल्फगांग इझर यांनी १९७२ साली संहितेतच अनुस्यूत असलेल्या 'गृहीत वाचका'ची संकल्पना ग्रंथरूपाने मांडली. नेमक्या याच काळात अमेरिकेतील एका हलक्या मानल्या गेलेल्या वाङ्मयप्रकारात, म्हणजे चित्रकथांच्या मासिकांत, प्रत्यक्ष वाचक आपली प्रतिक्रिया नावानिशी छापून आणीत होते. या पत्रांच्या पानाचे आकर्षण कशात होते आणि त्यावर खरोखर कोण बोलत होते, हे प्रश्न केवळ लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासापुरते मर्यादित नाहीत. ग्रहणाच्या इतिहासाची साधने कोणती मानायची, या प्रश्नाशी ते निगडित आहेत.

या पानाला जागा मिळाली ती मात्र वाङ्मयबाह्य कारणाने. नियतकालिकांसाठी असलेल्या सवलतीच्या टपालदराचा लाभ घ्यायचा तर अंकात काही गद्य मजकूर असणे आवश्यक होते. प्रकाशक त्यासाठी साधारणतः दोन पानांची एखादी गद्यकथा छापीत. स्टॅन ली यांचे पहिले प्रकाशित लेखन म्हणजे १९४१ साली 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात आलेला असाच भरतीचा मजकूर होता. पुढे या जागी वाचकांची पत्रे आली. टपालखात्याच्या नियमासाठी राखलेली जागा टपालानेच आलेल्या मजकुराने भरू लागली.

पत्रव्यवहाराची परंपरा मात्र विज्ञानकथांच्या मासिकांतून आली. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली सुरू केलेल्या 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये पत्रलेखकांचे पत्तेही छापले जात. त्यामुळे वाचक संपादकाला वगळून परस्परांना लिहू लागले. त्या वर्तुळात वाढलेले ज्युलियस श्वार्ट्झ पुढे डीसी प्रकाशनाचे संपादक झाले आणि १९६० नंतर त्यांनी हीच पद्धत चित्रकथांत आणली. एकाकी वाचनाचे रूपांतर वाचकसमूहात होण्यास एवढा पत्ता पुरेसा ठरला. अशाच पत्रव्यवहारातून परस्परांशी जोडले गेलेले जेरी बेल्स व रॉय थॉमस १९६१ साली 'ऑल्टर इगो' या हौशी नियतकालिकासाठी एकत्र आले. थॉमस १९६५ साली मार्व्हलमध्ये लेखक म्हणून दाखल झाले आणि १९७२ साली मुख्य संपादक झाले. वाचक, समीक्षक आणि लेखक या तीन भूमिकांमधील अंतर येथे एका दशकात ओलांडले गेले.

मार्व्हलच्या 'फँटास्टिक फोर' या मालिकेचा पहिला अंक १९६१ सालचा. तिसऱ्या अंकापासून, म्हणजे १९६२ च्या आरंभापासून, तिच्यात पत्रांचे पान आहे. त्या पहिल्या पानावरील एक पत्र एस. ब्रॉडस्की या नावाचे आहे. सोल ब्रॉडस्की हे स्टॅन ली यांचे निकटचे सहकारी होते. प्रत्यक्ष वाचकाचा आवाज उमटण्यापूर्वी संपादनकक्षाने त्याचा नमुना स्वतःच लिहून दाखविला, असा याचा अर्थ होतो. येथे 'गृहीत वाचक' ही अमूर्त संकल्पना राहत नाही; त्याला नाव मिळते. पुढे 'प्रिय संपादक' हा औपचारिक मायना टाकून लेखक ली व चित्रकार जॅक कर्बी यांना नावाने संबोधावे, असे वाचकांना सुचविण्यात आले. जवळीक खरी होती आणि घडविलेलीही होती. या दोहोंपैकी एकच बाजू पाहणारा अभ्यास अपुरा ठरतो.

या जवळिकीची कसोटी १९६३ च्या फेब्रुवारीत निघालेल्या अकराव्या अंकात लागली. चौघांच्या चमूतील एकमेव स्त्री, अदृश्य होऊ शकणारी स्यू स्टॉर्म, चमूच्या काही उपयोगाची नाही, अशी तक्रार काही वाचकांनी केली होती. या अंकातील एका कथेत पात्रे स्वतःच वाचकांची पत्रे वाचतात आणि ती वाचून स्यू व्यथित होते. तिची बाजू मांडण्यासाठी रीड रिचर्ड्स अब्राहम लिंकन यांच्या आईचा दाखला देतो. संहितेच्या परिघावरील मजकूर संहितेच्या आत आला आणि पात्रांनी वाचकांना उत्तर दिले, ही गोष्ट रूपाच्या दृष्टीने धाडसी होती. युक्तिवाद मात्र पारंपरिकच राहिला : स्त्रीचे मोल तिच्या कर्तृत्वात नसून ती इतरांना देत असलेल्या प्रेरणेत आहे. १९६४ च्या जानेवारीतील बाविसाव्या अंकात स्यूला अदृश्य कवच उभारण्याची शक्ती मिळाली. 'इन्व्हिजिबल गर्ल' हे तिचे नाव बदलून 'इन्व्हिजिबल वूमन' होण्यास मात्र १९८५ साल उजाडावे लागले. हे बदल पत्रांमुळेच झाले, असे म्हणणे घाईचे ठरेल. परंतु पात्रचित्रणातील उणीव निर्मात्यांच्या आधी वाचकांनी उघडपणे बोलून दाखविली आणि निर्मात्यांना तिची दखल घ्यावी लागली, हे नाकारता येत नाही.

वाचकाच्या सहभागाचे दुसरे रूप 'नो-प्राइझ' या विनोदी पारितोषिकात दिसते. कथेतील चुका दाखविणाऱ्यांना हे नसलेले बक्षीस जाहीर होई. १९६७ पासून विजेत्यांना छापील मजकुराचे रिकामे पाकीट टपालाने जाऊ लागले. कालांतराने केवळ चूक दाखविणे पुरेसे राहिले नाही. ती चूकच नाही, असे पटविणारा खुलासाही वाचकाने करावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. इझर यांच्या मते संहितेतील रिक्त जागा वाचक आपल्या कल्पनेने भरतो. येथे वाचक भरतो ती निष्काळजीपणाने राहिलेली फट. आणि संहितेची सुसंगती राखण्याचे श्रम तो विनामोबदला उचलतो. यात आनंद आहे, तसेच एक सौम्य शोषणही आहे. दोष काढणारा टीकाकार या खेळात हळूहळू समर्थक बनतो.

निवडीचा अधिकार अखेर संपादकाकडेच होता. कोणते पत्र छापायचे, किती कापायचे आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे तोच ठरवी. तरीही पत्राला कारण द्यावे लागे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९८८ साली 'बॅटमॅन' मालिकेतील रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा, याचा कौल डीसीने दूरध्वनीवरून घेतला. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि विरुद्ध ५,२७१ मते पडली. ७२ मतांनी पात्र मारले गेले. वाचकाच्या हाती इतकी थेट सत्ता पत्रांच्या पानाने क्वचितच दिली असेल. पण या सत्तेत त्याचे म्हणणे उरले नाही. उरला फक्त आकडा. मताने निर्णय होतो, समीक्षा होत नाही.

डीसीने २००२ साली आपल्या मासिकांतील पत्रसदरे बंद केली. जुन्या मालिकांच्या पुनर्मुद्रणांतही बहुधा केवळ कथाच घेतल्या जातात. पत्रे समाविष्ट करणाऱ्या आवृत्त्या थोड्या आहेत. पत्रे वगळली की स्यूच्या दुःखाची कथा मागे उरते, पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर होती तो प्रश्न नाहीसा होतो. अशी कथा वाचणाऱ्याला लिंकन यांच्या आईचा दाखला निव्वळ विक्षिप्त वाटेल. छापलेली पत्रे निवडलेली, संपादित आणि प्रसंगी बनावटही असतात. म्हणून ती वाचकाचा निर्भेळ आवाज मानता येत नाहीत. तथापि, गृहीत वाचक व प्रत्यक्ष वाचक यांच्यातील ओढाताण ज्या साधनात छापील स्वरूपात टिकून राहिली आहे, असे दुसरे साधन दुर्मिळ आहे. ग्रहणाच्या इतिहासाला वाचक केवळ सिद्धान्तातून हवा नसेल, तर संहितेबरोबर ही दोन पानेही जपली गेली पाहिजेत आणि संशयासह वाचली गेली पाहिजेत.