कोंडवाडा ते बेवारस वाहन : परक्याच्या जागेत सोडून दिलेल्या मालाविषयीच्या कायद्याची वाटचाल (भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

एखाद्याची वस्तू दुसऱ्याच्या जागेत राहिली आणि मालक ती न्यायला आलाच नाही, तर जागामालकाने काय करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि, या प्रश्नात मालकी हक्क, ताबा, मोबदला आणि सार्वजनिक व्यवस्था असे कायद्याचे अनेक मूलभूत विषय एकत्र येतात. आज हा प्रश्न प्रामुख्याने वाहनांच्या रूपाने समोर येतो. भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई व आता त्याचा क्रमांक ५३ आहे. अशा रस्त्यालगतच्या गॅरेजच्या आवारात दुरुस्तीसाठी आणलेले आणि नंतर मालकाने पाठ फिरवलेले वाहन वर्षानुवर्षे गंजत राहते. बिल थकलेले असते, जागा अडलेली असते आणि वाहन विकण्याचा अधिकार मात्र गॅरेजमालकाला नसतो.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात जनावरांच्या रूपाने उभा राहिला होता आणि तेव्हाच्या कायद्याने त्याचे उत्तर दिले होते. जनावरांसाठी जे उत्तर सापडले, ते वाहनांसाठी का सापडले नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोंडवाड्याची व्यवस्था :

तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर (१८५३) नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. भंडारा हा या प्रांतातील धानाचा जिल्हा. मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पोसलेली धानाची बांधी, रोवणीनंतरचे कोवळे पीक आणि उभ्या धानात पेरली जाणारी लाखोरी हे येथील शेतीचे वैशिष्ट्य होय. धान निघाले तरी बांधीत लाखोरी उभी असते. त्यामुळे पावसाळा संपला म्हणून शेतात जनावरे मोकळी सोडण्याची सोय सर्वांनाच नसते. अशा प्रदेशात मोकाट जनावर म्हणजे घरातील अन्नावर आलेले संकट होते.

ब्रिटिश सरकारने १८५७ मध्ये जनावरांच्या अतिक्रमणाविषयी एक कायदा केला होता. त्याची जागा १८७१ च्या पहिल्या कायद्याने, म्हणजेच गुरे अतिक्रमण अधिनियमाने घेतली. या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेतात शिरून नुकसान करणारे जनावर धरण्याचा अधिकार शेतकऱ्याला देण्यात आला, परंतु ते घरी बांधून ठेवण्याचा नव्हे. चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोहोचवणे त्याच्यावर बंधनकारक होते. कोंडवाड्याच्या रखवालदाराने त्याची नोंद नोंदवहीत करावयाची असे. दंडाचे दरही ठरलेले होते. मूळ कायद्यात हत्तीसाठी दोन रुपये, उंट वा म्हशीसाठी आठ आणे, घोडा, बैल वा गायीसाठी चार आणे, वासरू, गाढव वा डुकरासाठी दोन आणे आणि शेळीमेंढीसाठी एक आणा असे ते दर होते. चारापाण्याचा खर्च वेगळा आकारला जाई.

मालक सात दिवसांत आला नाही तर पोलिस ठाण्याला खबर द्यावयाची, ठाण्याने जनावराचे वर्णन देणारी सूचना लावावयाची आणि जेथे ते धरले त्या गावी व जवळच्या बाजारी दवंडी पिटावयाची. त्यानंतरचे सात दिवसही उलटले की जाहीर लिलाव होई. दंड व खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची मानली जाई. तो ओळखू येत नसल्यास ती तीन महिने अनामत ठेवली जाई. पोलिस, कोंडवाड्याचा रखवालदार वा या कायद्याखाली नेमलेला कोणताही अधिकारी यांना अशा लिलावात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जनावर विकत घेण्यास मनाई होती. जनावर बेकायदेशीरपणे धरले गेले असे वाटल्यास मालकाला दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येई.

नोंद, जाहिरात, ठराविक मुदत, त्रयस्थामार्फत लिलाव आणि शिल्लक रकमेवर मालकाचा हक्क या पाच तत्त्वांवर ही व्यवस्था उभी होती, असे दिसून येते. धरणाऱ्याच्या हाती जनावर राहू न देणे हे तिचे मर्म होते. त्यामुळे शेतकऱ्याचे रक्षण झाले आणि जनावराच्या मालकाचा हक्कही बुडाला नाही.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलात शिरलेल्या जनावरांना हाच कायदा लागू केला आणि वाढीव दंड आकारण्याची मुभा सरकारला दिली. शेतकऱ्याच्या पिकाच्या रक्षणासाठी उभा राहिलेला कोंडवाडा अशा रीतीने सरकारी जंगलाचाही पहारेकरी झाला. जंगलखात्याने चराईची राने बंद केल्याने शेतकऱ्यांवर कोणती वेळ आली, याचे चित्र महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यापूर्वीच रेखाटले होते. गरीब गुराख्यासाठी काही आण्यांचा दंडही जड होता. म्हणून कोंडवाड्याचा गौरव करताना त्याचा जाचही विसरता येत नाही.

निक्षेपाचा कायदा आणि कारागिराचा हक्क :

गुरे अतिक्रमण अधिनियमानंतर एकाच वर्षाने, १८७२ मध्ये, भारतीय करार अधिनियम संमत झाला. विशिष्ट हेतूने आपली वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे व हेतू पूर्ण होताच ती परत घेणे, या व्यवहाराला या कायद्यात निक्षेप असे स्थान मिळाले (कलम १४८). दुरुस्तीसाठी दिलेली बैलगाडी, शिंप्याकडे दिलेले कापड वा कासाराकडे दिलेले भांडे ही त्याची साधी उदाहरणे होत. गॅरेजमध्ये सोडलेली मोटारही त्याच वर्गात मोडते.

वस्तू स्वीकारणाऱ्याने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. कलम १७० नुसार, ज्याने त्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च केले आहे त्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. यालाच धारणाधिकार म्हणतात. परंतु हा अधिकार केवळ धरून ठेवण्याचा आहे, विकण्याचा नाही. याच कायद्याने तारण घेणाऱ्या सावकाराला मात्र वाजवी सूचना देऊन वस्तू विकण्याची मुभा दिली (कलम १७६). हरवलेली वस्तू सापडलेल्या व्यक्तीलाही, मालक सापडत नसेल वा तो वाजवी खर्च देण्यास नकार देत असेल आणि त्या खर्चाची रक्कम वस्तूच्या किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोहोचली असेल, तर ती विकता येते (कलम १६९). म्हणजे रस्त्यात सापडलेली वस्तू उचलणाऱ्याची विक्रीची वाट कायद्याने मोकळी ठेवली, पण स्वतःच्या हाताने ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराची ठेवली नाही.

या भेदाचे मूळ इंग्लंडच्या सामान्य कायद्यात आहे. सावकाराशी झालेल्या व्यवहारात वस्तू हीच कर्जाची हमी असते. ती विकली जाऊ शकते हे उभयपक्षी गृहीत धरलेले असते. कारागिराकडे वस्तू येते ती केवळ कामासाठी. तिच्या विक्रीला मालकाने संमती दिली आहे असे मानता येत नाही, हा त्यामागील विचार होय. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाने १८६० मध्ये एका जहाजदुरुस्तीच्या खटल्यात आणखी एक तत्त्व घालून दिले. स्वतःच्या बिलाची हमी म्हणून जहाज अडवून ठेवणाऱ्याला, त्या काळातील गोदीभाडे जहाजमालकाकडून मागता येत नाही, असे ते तत्त्व होते. जागेच्या भाड्याची आकारणी वाढवत नेऊन वाहनाच्या किमतीइतकी करण्याचा जो मार्ग काहींना सुचतो, त्याला हा जुना निर्णय प्रतिकूल आहे.

रेल्वेला मिळालेला अपवाद :

नागपूर-छत्तीसगढ रेल्वे आणि पुढे तिची जागा घेणारी बंगाल-नागपूर रेल्वे यांमुळे भंडारा जिल्ह्यातील धान्य व मँगनीज दूरच्या बाजारपेठांशी जोडले गेले. मालधक्क्यावर मालक न येता पडून राहणारा माल ही त्याच काळातील नवी समस्या होती. १८९० च्या रेल्वे कायद्याने बेवारस मालाची विल्हेवाट लावण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला दिला आणि १९८९ च्या कायद्यानेही तो कायम ठेवला. मोठ्या वाहतूकदाराच्या मालधक्क्याचे मोल कायद्याने ओळखले. लहान कारागिराच्या अंगणाचे मोल ओळखण्याचा प्रसंग मात्र आला नाही.

मोटारीचे आगमन आणि राहिलेली पोकळी :

भारतात मोटारीविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. त्यानंतर १९३९ चा आणि सध्या लागू असलेला १९८८ चा मोटार वाहन अधिनियम आला. १९८८ च्या कायद्याच्या कलम १२७ अन्वये सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलविण्याचा आदेश गणवेशातील पोलिस अधिकारी देऊ शकतो व त्याचा खर्च वाहनमालकावर पडतो. या कलमातील 'सार्वजनिक जागा' हे शब्द निर्णायक आहेत. तेच वाहन रस्त्यावरून दहा पावले आत, खासगी आवारात उभे असेल तर हे कलम लागू होत नाही.

बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य असल्याचे १८६१ च्या पोलिस कायद्याने सांगितले होते. दंडाधिकाऱ्याने जाहीरनामा काढावा आणि सहा महिन्यांत कोणी हक्क न सांगितल्यास पुढील विल्हेवाट लावावी, अशी त्यात तरतूद होती. परंतु ज्या वाहनाच्या मालकाचे नाव नोंदणी पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे, ते वाहन बेवारस कसे म्हणावे? एमएच-३६ या क्रमांकाने सुरू होणाऱ्या, म्हणजे भंडाऱ्यात नोंदलेल्या वाहनाचा मालक परिवहन कार्यालयाच्या दप्तरात सापडतो. प्रत्यक्षात तो सापडत नाही वा सापडूनही येत नाही, ही खरी अडचण असते. पोलिसांच्या दृष्टीने हा दिवाणी वाद ठरतो. वाहनावर वित्तसंस्थेचे कर्ज असल्यास आणखी एक हक्कदार पुढे येतो.

पोलिस ठाण्यांचे आवारही या समस्येतून सुटलेले नाही. जप्त वाहने दीर्घकाळ ठाण्यात सडू देऊ नयेत, त्यांची छायाचित्रे व पंचनामा करून ती लवकर परत करावीत वा त्यांचा लिलाव करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सांगितले. हा दिलासा जप्त वाहनांपुरता होता. २०२१ मध्ये वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांविषयीचे नियम आले, पण वाहन मोडीत देण्यासाठीही मालकाचीच संमती व कागदपत्रे लागतात.

अशा स्थितीत गॅरेजमालकाने कंटाळून वाहन भंगारात विकले, तर घेणाऱ्याला १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार चांगला हक्क मिळत नाही आणि विकणाऱ्यावर फौजदारी विश्वासघाताचा आरोप येऊ शकतो. १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा तीन वर्षांत दाखल करावा लागतो. नोंदणीतील पत्त्यावर पोचपावतीसह सूचना पाठवणे, पोलिस ठाण्यात लेखी माहिती देणे, वाहनाच्या स्थितीचा पंचांसमक्ष कागद करणे आणि मुदतीत दिवाणी न्यायालयात जाऊन वसुलीचा हुकूमनामा मिळवणे, हाच सुरक्षित मार्ग उरतो. काम स्वीकारतानाच जॉब कार्डवर वाहन नेण्याची मुदत, जागेचे भाडे आणि सूचनेनंतरच्या विक्रीची अट ग्राहकाच्या सहीने लिहून घेतल्यास पुढील वाद बराच कमी होतो.

तुलना व निष्कर्ष :

ज्या इंग्लंडकडून भारताने धारणाधिकाराचे तत्त्व घेतले, त्या इंग्लंडने ते अपुरे असल्याचे नंतर मान्य केले. १९५२ मध्ये न नेलेल्या मालाच्या विल्हेवाटीचा कायदा तेथे झाला. १९७७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि रीतसर सूचना देऊन माल विकण्याचा व आपला खर्च वजा करून उरलेली रक्कम मालकाला देण्याचा अधिकार कारागिराला मिळाला. भारतात १८७२ चे कलम आजही आहे तसेच आहे.

वास्तविक या सुधारणेसाठी इंग्लंडकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. १८७१ च्या कोंडवाड्यात ती सर्व तत्त्वे होती. जनावर खात होते, पिकाचा नाश करीत होते आणि उपाशी राहिल्यास मरत होते, म्हणून कायद्याने घाई केली. वाहन खात नाही, ओरडत नाही, केवळ गंजते. म्हणून कायद्याला त्याची निकड जाणवली नाही. परंतु दिरंगाईने दोघांचेही नुकसान होते. कारागिराची जागा व मजुरी अडकते आणि मालकाच्या वाहनाची किंमत दरवर्षी घटत जाते. लिलाव वेळेवर झाला तर शिल्लक रकमेतून मालकालाही काही मिळू शकते. दहा वर्षांनी दोघांच्याही वाट्याला भंगारच येते.

वाहनमालकाच्या हक्काकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नाही. दुरुस्तीचे बिल देता न आलेला मालक बहुधा गरीबच असतो. काही आण्यांचा दंड भरता न आल्याने ज्याचे जनावर लिलावात गेले, त्या गुराख्याचा अनुभव येथे इशारा देणारा आहे. म्हणूनच विक्रीचा अधिकार थेट गॅरेजमालकाच्या हाती न देता, कोंडवाड्याप्रमाणे त्रयस्थ अधिकाऱ्याच्या नोंदीने, जाहीर सूचनेने आणि पुरेशा मुदतीनंतर तो वापरला जाणे इष्ट ठरेल. धरणाऱ्यानेच विकू नये आणि लिलाव करणाऱ्याने विकत घेऊ नये, हा कोंडवाड्याचा जुना नियम आजच्या वाहनांनाही तितकाच लागू पडतो.