मे महिन्याची बोट आणि कुडीतली जपमाळ

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाचा देव कोठे राहतो, हा प्रश्न रजेचा अर्ज लिहिताना आपणांपैकी पुष्कळांच्या मनात येऊन गेला असेल. कुलदैवत गावी आणि आपण कचेरीत. वर्षाकाठी मिळणाऱ्या महिना-पंधरवड्यात त्या दोघांची गाठ घालावयाची. मुंबईत पोट भरणाऱ्या गोमंतकीय कॅथलिकांनी या प्रश्नाचे जे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले, ते विचार करण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्देश व साष्टीतील तरुणांचे लोंढे मुंबईस येऊ लागले. कोणी बोटीवर खलाशी झाला, कोणी साहेबाच्या बंगल्यात आचारी, कोणी शिंपी, कोणी बँडात वाजविणारा. धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत त्यांनी आपापल्या गावाच्या ‘कुडी’ उभारल्या. कोंकणीत कूड म्हणजे खोली, आणि देहही. इंग्रजीत तिला ‘क्लब’ म्हणत. पण या क्लबात गावाच्या पालक संताची वेदी असे, भिंतीशी सभासदांच्या ट्रंका रचलेल्या असत, आणि सायंकाळी सर्वांनी एकत्र जपमाळ म्हणावयाची हा नियम असे. खलाशी महिनेच्या महिने दर्यावर असे. त्याची ट्रंक मात्र संताच्या पायाशी राही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅथलिक धर्म हा पुरोहितप्रधान. रविवारी मिस्सा चुकवू नये अशी आज्ञा. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे व ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा, हा 1215 सालच्या लॅटरन परिषदेचा दंडक. परंतु रविवारी सकाळी साहेबाची न्याहारी कोणी करावयाची? सायंकाळच्या मिस्सेला पोप बारावे पायस यांनी 1953 साली मोकळीक दिली. तोवर आचाऱ्याची व देवाची वेळ एकच. त्यातच मुंबईच्या कॅथलिकांवर पोर्तुगीज पाद्रुआदोची आणि रोमच्या प्रोपागांडाची अशी दुहेरी सत्ता होती. ती 1928 च्या कराराने संपली. अधिकाऱ्यांचा हा तंटा चालू असता सामान्य माणसाची श्रद्धा कशावर तगली असेल? माझ्या मते जपमाळेवर. तिला पाद्री लागत नाही, लॅटिन लागत नाही, घंटेची वेळ लागत नाही. दहा बोटे आणि दोन-चार सोबती असले की पुरते.

मग मे महिना येई. शाळांना सुटी असे हे एक कारण, दुसरे समुद्राचे. पावसाळ्यात मुंबई-पणजी आगबोट बंद होत असे, तेव्हा गावी जाऊन यावयाचे तर मृगाच्या आत. बोटीचे हे पंचांग आणि चर्चचे पंचांग यांचा मेळ विलक्षण जमला. मे हा मरियेचा महिना. त्यामुळे रजा म्हणजे उपासनेला विश्रांती, असे होतच नसे. उलट कुडीतली जपमाळ गावात येऊन अधिक मोठी होई. 3 मे हा पवित्र क्रूसाच्या शोधाचा सण. वाटेवरचा, माडाखालचा प्रत्येक खुरीस चुन्याने रंगवून, फुलांनी मढवून त्याच्यापुढे ‘लादाइन्य’ म्हणजे स्तुतिमाला गावयाची. शब्द लॅटिन, साथ व्हायोलिनची. म्हणणाऱ्यास अर्थ कितपत कळत असे, हे विचारण्याचा अधिकार रुद्राची आवर्तने न समजता ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना नाही. गाणे आटोपले की उकडलेले हरभरे वाटीत आणि फेणी पेल्यात पडे. धर्माचा निम्मा टिकाव या हरभऱ्यांत असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. 1960 साली रोमच्या सार्वत्रिक पंचांगातून हा सण वगळला गेला. गावांतून तो निघाला नाही.

याच सुमारास म्हापशाचे मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त येते. ईस्टरनंतर पंधरा-सोळा दिवसांनी, सोमवारी. शिरगावची लईराई ही तिची बहीण, असे हिंदू व ख्रिस्ती दोघेही मानतात. देवळातून तेल आणि चर्चमधून फुले अशी बहिणींची देवघेव परंपरेने सांगितली जाते. मुंबईहून आलेल्या आचाऱ्याच्या शेजारी त्या दिवशी मेणबत्ती घेऊन हिंदू शेतकरी उभा असे. धर्मांतराचा कटू इतिहास ज्या भूमीत घडला, तिथलेच हे दृश्य आहे.

हे चित्र मात्र सगळेच गोड समजू नये. कुडी बहुधा पुरुषांच्या. पुष्कळ ठिकाणी जातीची कुंपणेही गावाहून मुंबईस आलेली. आणि उरलेले अकरा महिने गावच्या घरात मुलांना गोळा करून जपमाळ म्हणणारी बायको? तिच्या वाट्याला ना क्लब, ना सभासदत्व. नवरा मे महिन्यात येऊन ज्या वेदीपुढे गुडघे टेकी, तिथला दिवा वर्षभर तिने राखलेला असे.

1955 च्या ऑगस्टातील सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारत सरकारने गोव्याशी आगगाडी व बोटीची वाहतूक तोडली. मे महिन्याचा प्रवास आता परवान्याच्या कागदावर लटकला. सहा वर्षे, म्हणजे 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज अंमल संपेपर्यंत, कित्येकांची रजा कुडीतच सरली. गाव डोंगरापलीकडे, आणि गावचा संत तेवढा समोर वेदीवर.

पुढे बोटी पुन्हा सुरू झाल्या, कालांतराने थांबल्याही. 1998 साली कोकण रेल्वे सबंध खुली झाली आणि पावसाळ्याचा अडसर उरला नाही. आता मुंबईचा गोवेकर गणपतीतही जातो, नाताळातही जातो. काही कुडी अजून आहेत. जेर महालाच्या जिन्यांवरून वर गेले, तर गावांच्या पाट्या दिसतात. सभासद थोडे झाले आहेत आणि ट्रंकांची जागा बॅगांनी घेतली आहे.