तीन वर्षे शिकलेली मुक्ता

दर शुक्रवारी सकाळी मंडळाच्या मराठी वर्गात मी मोठ्या मुलांना शिकवतो. बारा ते चौदा वर्षांची नऊ मुले. गेल्या वर्षी त्यांना मराठी लेखिकांची ओळख करून द्यायचे ठरवले. यादी तयारच होती: बहिणाबाई, लक्ष्मीबाई टिळक, शांताबाई शेळके. म्हणजे आमच्या वेळी पाठ्यपुस्तकात भेटलेल्याच.

पहिल्याच तासाला एकीने विचारले, "काका, यांच्यात लिहिताना शाळेत जाणारी कोणी होती?" बहिणाबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, लक्ष्मीबाई लग्नानंतर घरीच लिहा-वाचायला शिकल्या. मग मुक्ताबाई आठवली.

ती मला भेटली अमेरिकेत, एम.एस. करताना. सुसी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या भारतीय लेखिकांच्या १९९१ च्या संग्रहात, आणि तीही इंग्रजीतून! पुण्यात शिकत असताना पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात किती चकरा मारल्या असतील. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा तिथून हाकेच्या अंतरावर. पण त्यांच्या विद्यार्थिनीचे नाव ऐकायला मला सातासमुद्रापार जावे लागले.

मुक्ताबाई मातंग समाजातली. फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे पत्र अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरला सुरू केले होते. निबंधात मुक्ता सरळ विचारते, वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता? पेशवाईत तालीमखान्यासमोरून नुसते गेल्याबद्दल जीव जात असे, मोठ्या इमारतींच्या पायात तिची माणसे पुरली जात, हे ती लिहिते. आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांविषयीही लिहिते. मला वाटते, हे त्या वेळी दुसरे कोणी लिहिलेच नसते. तिचा एवढा एकच निबंध आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

वाचून झाल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, "तिला मार्क किती मिळाले?"

त्या रात्री एका पालकांचा फोन आला. इथल्या मुलांना जात म्हणजे काय हे ठाऊक नाही, ते आपण कशाला शिकवायचे? प्रश्न अगदीच गैर नव्हता. मी म्हटले, तिने ते याच वयात पाहिले आणि लिहिले, आपल्या मुलांना याच वयात निदान वाचू द्या. त्यांना ते पटले नाही. मुलगा मात्र वर्गाला येत राहिला.

पुढे ताराबाई शिंदे घेतल्या. त्या बुलढाण्याच्या. सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला झाला आणि वर्तमानपत्राने साऱ्या स्त्रीजातीलाच नावे ठेवली. त्या संतापातून १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' आले. (खटल्याचा तपशील मी गाळला, हे कबूल करतो.) जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले १९७५ साली, म्हणजे ९३ वर्षांनी.

मुलांना हे फार जुने वाटू नये म्हणून मुहर्रकची गोष्ट सांगितली. विमानतळाला जाताना आपण ज्या मुहर्रकमधून जातो, तिथे बहरीनमधली मुलींची पहिली सरकारी शाळा १९२८ साली निघाली. वर्गातल्या दोघींच्या पणज्या तेव्हा जन्मल्याही होत्या!

सत्राच्या शेवटी मुक्ताबाईचाच विषय दिला: तुम्हाला दिसणारे दुःख. पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलीने समोरच्या इमारतीच्या कामगारांवर अकरा ओळी लिहिल्या. जुलैत दुपारच्या सुट्टीत ते पुठ्ठे अंथरून सावलीत झोपतात आणि सावली सरकली की पुठ्ठा घेऊन तेही सरकतात. तो निबंध या अंकाच्या बालविभागात आहे. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले.