चाळकेवाडीचा सरडा आणि उशिरा झालेली मोजणी

साताऱ्याहून ठोसेघर मागे टाकून वर चढले की चाळकेवाडीचे पठार लागते. एका एप्रिलअखेरीस मी तेथे गेलो होतो. तापलेल्या जांभ्यावर एक सरडा गळ्याखालची निळी-काळी-नारिंगी झालर उघडून मादीला खुणावत होता आणि त्याच्या माथ्यावर पवनचक्कीचे पाते फिरत होते. यांपैकी येथे आधी कोण आले, हे सांगायला संशोधक लागत नाही. कागदोपत्री मात्र पाते आधीचे आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीपासून सातारा-सांगलीच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. वनकुसवडे, चाळकेवाडी आणि शिराळ्याकडचे गुढे-पाचगणी ही नावे तेव्हापासून वीजनिर्मितीच्या नकाशावर आली. पठारावरच्या या उघड्या कातळाला आपल्याकडे 'सडा' म्हणतात. नांगर चालत नाही म्हणून जमीन पडीक, आणि पडीक म्हणून रिकामी, असा हिशेब झाला. तेथे कोण राहते हे कोणी मोजले नाही, कारण कायद्याने ते मागितलेच नव्हते.

चंद्रपूरच्या कोळशाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. 1994 च्या आणि पुढे 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेने मोठ्या खाणींना पूर्वपरवानगीची अट घातली. उघडी खाण खोदण्याआधी परिसरातील प्राणी-वनस्पतींची नोंद आणि परवानगीनंतर दर सहा महिन्यांनी अहवाल, अशी ती व्यवस्था आहे. पवनऊर्जा त्या यादीत नाही. धूर नाही, राख नाही, मग तपासायचे काय, असा त्यामागचा समज असावा.

खाणीकडची मोजणी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. मूळ पाहणी बहुधा एकाच ऋतूत उरकते. चंद्रपूरकडे खाणीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या झुडपांत वाघ-बिबटे आसरा घेतात. ही परिस्थिती खाणीआधीच्या कोणत्याही यादीत असणे शक्यच नव्हते. तरीही आधीचा एक कागद असतो, आणि नंतरच्या बदलाला जाब विचारता येतो. सड्याकडे तोही नव्हता.

चाळकेवाडीच्या त्या सरड्याला शास्त्रीय नाव मिळाले 2016 मध्ये : 'सरडा सुपर्बा'. प्रजातीसमूहाचे नाव आपल्या मराठी शब्दावरूनच घेतलेले. म्हणजे चक्क्या फिरू लागल्यानंतर दीड दशकाने त्या प्राण्याची शास्त्रात नोंद झाली. 2018 मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. कापशी, तिसा यांसारख्यांचा धाक ओसरला, तसे सरडे वाढले. वरवर पाहता ही सरड्यांची चैनच. पण तेथील सरडे अंगाने रोडावलेले होते, नरांचे रंग फिके होते, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. पाते सरड्याला शिवत नाही. ते ससाण्याच्या जातीला हुसकावते आणि बदल मात्र जमिनीवर घडतो.

या अभ्यासाची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. 'आधी' उपलब्ध नसल्याने संशोधकांनी 'शेजार' घेतला. चक्क्या असलेला भाग आणि जवळचाच नसलेला भाग यांची तुलना केली. युक्ती सबळ आहे, पण ती उसनी आहे. शेजारही चक्क्यांनी भरला की तुलनेला काहीच उरत नाही.

पश्चिमेला कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी एकेका वाघाचे पट्टे ओळखून नोंद होते. वाघ मोजला जातो हे योग्यच. पण उघड्या सड्याच्या वाट्याला तेवढे लक्ष आले नाही.

हा केवळ गेलेल्या गोष्टीचा शोक नव्हे. जुन्या, कमी क्षमतेच्या चक्क्या काढून मोठ्या बसवण्याचे केंद्राचे धोरण 2016 पासून आहे. म्हणजे पठार पुन्हा एकदा 'आधी'च्या उंबरठ्यावर उभे आहे. नवा खांब रोवण्यापूर्वी तेथे एक पूर्ण वर्ष मोजणी व्हावी. उन्हाळ्यात सरड्यांची झालर उघडते, पावसाळ्यात तळी भरतात, भाद्रपदात फुले येतात. हिवाळ्यातल्या चार दिवसांच्या पाहणीला यातले काहीच दिसणार नाही. आणि जे दिसले नाही ते नव्हतेच, असे पुन्हा एकदा लिहिले जाईल.