धातूचा कान आणि मातीची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी मला मोबाइलवरची काही छायाचित्रे दाखवू लागला. तो सिन्नर तालुक्यातला, शेतमजुराचा मुलगा. छायाचित्रे ड्रोनने काढलेली होती. काळ्याभोर रानाच्या मधोमध राखेच्या रंगाचा एक लांबट डाग त्यांत दिसत होता.

"सर, ही आमची जुनी पांढरी. शहरातून दोघंजण आले होते. वरून फोटो घेतले आणि मग त्या डागावर मशीन फिरवलं. खणायला मला लावलं, दिवसाचे पाचशे दिले."

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. काय निघाले, असे मी विचारले.

"तांब्याचे दोन तुकडे अन् एक नाणं. ते घेऊन गेले. खापरं लई निघाली, ती तिथंच फेकली."

फेकलेल्या त्या खापरांविषयीच मला येथे लिहायचे आहे.

आपल्याकडे गुप्तधनाचा शोध नवा नाही. पूर्वी त्यासाठी मांत्रिक येई, पायाळू माणूस शोधला जाई, आणि हंड्याच्या लोभापायी गरिबाघरच्या लेकरांचे बळीही गेले. २०१३ साली महाराष्ट्राला नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा समावेश आहे. आता मांत्रिकाची जागा यंत्राने घेतली आहे. यंत्र मांत्रिकासारखे खोटे बोलत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते सगळे खरे सांगते काय?

उंचावरून जुनी वस्ती ओळखण्याची विद्या शंभर वर्षांची आहे. इंग्लंडात क्रॉफर्ड या संशोधकाने १९२०च्या दशकात विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून ती रूढ केली. बुजलेल्या खंदकावर माती खोल व ओलसर असते, तेथे पीक उंच वाढते. गाडलेल्या भिंतीवर ते खुरटते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीचा बारीक उंचवटाही सावली टाकतो. त्या वेळी विमान लागे, आज काही हजारांच्या ड्रोनने ते काम होते. डिटेक्टरच्या तबकडीतून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत वीज खेळते, तिचा प्रतिसाद यंत्राला कळतो आणि ते वाजते. नाण्याएवढी वस्तू ते वीतभर खोलीपर्यंत ओळखते. माती, हाड, खापर, कोळसा, जळका दाणा यांपुढे मात्र ते मुके राहते. या यंत्राला एकच भाषा कळते. ती धातूची. आणि धातू कोणाच्या घरी होता, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सिन्नर तालुक्यातच जोगलटेंभी आहे. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका राजाने दुसऱ्याला जिंकले, त्याचा असा रोख पुरावा क्वचितच मिळतो.

पण हाच गौतमीपुत्र नाशिकच्या पांडवलेण्यांतही भेटतो. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. लेणे दिले आहे बौद्ध भिक्षूंना. आणि त्याच लेखात मुलाची थोरवी सांगताना, त्याने क्षहरातांचा वंश निखळ बुडवला याबरोबर त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, हेही अभिमानाने कोरले आहे. वर्णसंकर थांबवला म्हणजे कोणाला कोठे थांबवले? नाण्यावरच्या ठशाला हा प्रश्न विचारता येत नाही. शेजारच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. त्या व्याजातून भिक्षूंना चीवरे मिळत. वस्त्र विणणारे हात होते म्हणून त्या नाण्यांना मोल होते. दगडावर ते हात निदान श्रेणीच्या नावाने उरले. नाण्यावर फक्त राजा उरला.

राजांच्याही आधी, इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० च्या सुमारास, गोदावरी-प्रवरेच्या काठांवर जोर्वे संस्कृतीचे शेतकरी राहत होते. नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळच्या जोर्वे येथे डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले. या लोकांची मडकी तांबडी, वर काळ्या रंगाची नक्षी. ती इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी खणकन वाजतात. तरी डिटेक्टरला ती ऐकू येत नाहीत. पुणे जिल्ह्यातील इनामगावला घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत मूल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा आईने आपले लेकरू घराबाहेर जाऊ दिले नाही. डिटेक्टरवाला अशा दफनावरून शंभर वेळा चालत जाईल, आणि शेजारच्या तांब्याच्या तुकड्यासाठी कुदळ मारताना ते मडके फोडूनही टाकील.

धातूसुद्धा थरातून सुटला की अर्धा मुका होतो, याचे उदाहरण दायमाबादचे आहे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन सगळ्यांचे मिळून साठ किलोंच्या वर. आज त्या देशाच्या ठेव्यात मोजल्या जातात. परंतु त्या रीतसर उत्खननाच्या थरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला. हा दोष छबू भिल यांचा नव्हे. ते जळणाच्या शोधात होते. परंतु ड्रोन उडवून, ठरवून, थर उचकटणाऱ्या सुशिक्षिताला ही सबब देता येणार नाही.

कायदा काय म्हणतो, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे. १८७८चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे. जुन्या ठेव्याबाबत जागामालकाशी वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा मालकाचा. शासनाला तो मोल देऊन ताब्यात घेता येतो. लपवले तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित स्थळी परवान्याविना खणण्यास १९५८च्या कायद्याने बंदी आहे, आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावशेषांचा धंदा परवान्याविना करता येत नाही. म्हणजे भूमिहीनालाही कायद्याने वाटा आहे. मात्र पाचशे रुपयांवर खणणाऱ्याला तो कोण सांगतो? नाणे शहरात गेले. पोलीस आले असते, तर ते खड्ड्याजवळ उभ्या असलेल्या पोरापर्यंतच पोचले असते.

माझे आजोबा १९७२च्या दुष्काळात पाझर तलावावर माती उपसत होते. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. पण कोणत्या बांधाखाली जुने जोते आहे, कोठली माती राखेची आणि कोठली नदीची, हे ते पायाने सांगत. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराला साक्षीला बोलवत, कारण शीव त्याने राखलेली असे. जमीन त्याची नव्हती, जमिनीची ओळख मात्र त्याची होती. त्याची वस्ती पांढरीबाहेर, कुडाची आणि मातीची. ड्रोनच्या छायाचित्रात तिचा डाग उमटेलच असे नाही, आणि डिटेक्टरला तेथे वाजण्यासारखे काही मिळणार नाही. यंत्र गप्प राहिले म्हणून तेथे इतिहास नव्हता, असे उद्या कोणी लिहिले तर?

ड्रोनला माझा विरोध नाही. तोच ड्रोन आपल्या पोरांच्या हाती आला, आणि त्याने गावोगावच्या पांढरींची व पांढरीबाहेरच्या वस्त्यांची नोंद केली, तर मला ते हवेच आहे. अट एवढीच की छायाचित्रानंतर कुदळ येऊ नये. जागा लिहावी, तारीख घालावी, अर्जाची प्रत जवळ ठेवावी, आणि खणण्याचे काम त्या शास्त्राच्या माणसांवर सोपवावे.

पुढच्या रविवारी त्या विद्यार्थ्याबरोबर मी गेलो. खड्डे तसेच उघडे होते. काठावर खापरांचा ढीग पडला होता. त्यांतले एक त्याने उचलले, तांबडे, वर दोन काळ्या रेघा. मी त्याला टिचकी मारायला सांगितले. ते खणकन वाजले. तो चमकून माझ्याकडे पाहू लागला. "हे तर मशीनला कळलंच नाही, सर."

आम्ही खड्ड्यांची मापे घेतली, खापर होते तेथे परत ठेवले, आणि झाडाखाली बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. खाली सही त्याने केली.