दस्ता बदलताना : हत्यारांच्या पेटीतला इतिहास

मागच्या वेळी आपण नळीबद्दल बोललो. आज बंदुकीच्या लाकडाबद्दल, म्हणजे दस्त्याबद्दल बोलू. दस्ता फुटला तर तो बदलायला कारागिराने पेटीतून काय काढायचं? प्रश्न साधा वाटतो, पण दोनशे वर्षांत त्याचं उत्तर पार बदललं. आणि ते बदलताना माणसाच्या हातातून काहीतरी गेलंही.

1800 च्या आसपास पेटीत करवत, रंधा, सरळ आणि गोल तोंडाच्या पटाश्या आणि कानस असायची. अक्रोडाचं मुरलेलं लाकूड घ्यायचं, बाहेरचा आकार काढायचा. ते तसं सोपं. खरं काम आतलं: नळी आणि चाप जिथे बसतात ते खाचे. त्यासाठीची युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला लगेच पटेल. लोखंडी भागाला दिव्याची काजळी लावायची, तो खाच्यात दाबायचा आणि उचलायचा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते अडतंय. तेवढंच पटाशीने तासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. घाई केली आणि जास्त तासलं गेलं, तर लाकूड परत येत नाही. ढिल्या दस्त्यात धक्का सगळीकडे सारखा वाटला जात नाही, एकाच जागी बसतो आणि लाकूड चिरतं. म्हणून दस्ता बसवणारा हा मानाचा कारागीर होता. प्रत्येक बंदूक वेगळी, त्यामुळे एकीचा दस्ता दुसरीला चालायचा नाही.

मग आला थॉमस ब्लँचर्ड. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा हा यंत्रकार. त्याने 1819 मध्ये वेड्यावाकड्या आकारांसाठी लेथचं पेटंट घेतलं. लेथवर गोल वस्तू होते हे आपल्याला माहीत आहे, पण दस्ता तर कुठूनच गोल नाही! ब्लँचर्डने एक नमुन्याचा दस्ता आणि एक ओबडधोबड लाकूड एकाच वेगाने फिरवलं. एक चाक नमुन्यावरून चालतं, आणि त्याच्याशी जोडलेलं पातं लाकडावर तोच चढउतार कापतं. आज यंत्रावर डुप्लिकेट चावी करून देणारा बघा, तत्त्व तेच. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात 1820 च्या दशकात ब्लँचर्डने चौदा यंत्रांची मालिका उभी केली. आतले खाचेही आता यंत्र कापू लागलं.

कारागिरांना हे सगळं गोड लागलं का? हार्पर्स फेरीच्या कारखान्यात तर फार काळ विरोध राहिला. 1842 मध्ये तिथल्या कामगारांनी घड्याळाच्या वेळेप्रमाणे काम करायला नकार दिला आणि बोटीने थेट वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष टायलर यांची भेट घेतली. भांडण वरवर घड्याळाचं होतं. पण आम्हाला वाटतं, आपल्या कामाचा वेग कोण ठरवणार, हा खरा मुद्दा होता. त्यांना हट्टी म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

पुढे ब्रिटिशांनी 1854 मध्ये अमेरिकेत समिती पाठवली, दस्त्याची यंत्रं विकत घेतली आणि एन्फिल्डला बसवली. त्या वाटेने आपण येतो ली-एन्फिल्डपाशी, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘थ्री नॉट थ्री’पाशी. बंगालमधल्या इशापूरला ती बनली, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती अगदी अलीकडेपर्यंत होती.

या रायफलीचं लाकूड एकसंध नाही. पुढचा भाग वेगळा, खांद्याला टेकणारा मागचा भाग वेगळा. सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे मागचा भाग आखूड किंवा लांब मिळायचा. तो बदलायला हत्यार एकच, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. मागच्या पत्र्यातलं झाकण उघडायचं, आतला चामड्याचा बूच काढायचा आणि लांब बोल्ट फिरवायचा.

इतकं सोपं? इथेच फसगत आहे. जुन्या एसएमएलई रायफलींत या बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं, बोल्ट ढिला होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला, की ती पट्टी फिरू बघते आणि चांगलं लाकूड उभं चिरतं. म्हणून आधी पुढचं लाकूड, मगच मागचा बोल्ट. परत बसवताना चौकोन सरळ आला की नाही, तेही बघायचं.

म्हणजे झालं काय? पटाशीतलं कौशल्य यंत्राने घेतलं, पण उरलेलं शहाणपण क्रमात जाऊन बसलं. पूर्वी चूक झाली तर हाताला लगेच कळायचं, काजळी सांगायची. आता चूक स्क्रू ड्रायव्हरला कळत नाही. लाकूड चिरल्याचा आवाज आला की कळते. सोपं हत्यार हातात आलं म्हणजे काम सोपं झालं, असं आपण फार लवकर धरून चालतो. ते बोटीने गेलेले कामगार घड्याळ थांबवू शकले नाहीत. पण कामाची जाण कुणाकडे राहणार, हा त्यातला प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

इथे थांबू. पुढच्या वेळी काडतुसाकडे वळू.